कडूकांद्याची टोपली

मी एक टोपली आहे. बांबूची, सैल विणीची, बोट आरपार जाईल एवढ्या फटींची. माझ्यात धान ओतलं तर अर्धं वाटेतच सांडेल, म्हणून धान्याच्या कामाला मला कोणी हात लावत नाही. माझा जन्म एकाच कामासाठी झाला. टोपल्या बोलत नाहीत, हे मलाही कळतं. तरी आज बोलतेय, कारण एक गोष्ट मी डोळ्यांदेखत घडताना पाहिली आणि जिने ती सांगायला हवी ती सांगत नाही.

मला विणलं झाडू नावाच्या माणसाने. देवरीहून बरंच आत, हमरस्त्यावरच्या बसचा भोंगा वारा इकडचा असला तरच ऐकू येतो, अशा ठिकाणी त्याचं घर आहे. तो जंगलात बांबूतोडीच्या कामाला जातो. अंगणात बसून त्याने कामट्या सोलल्या, भिजवल्या आणि विणता विणता बायकोला विचारलं, "घट्ट करू का गा जराशी?"

त्याची बायको वच्छला चुलीपाशी होती. ती म्हणाली, "घट्ट करशील त पानी जाईल कोठून? तुह्या डोक्यातून?"

"माह्या डोक्यातून वारा जाते. पानी नाही जात."

असा मी जन्मले. सैल, हलकी आणि फटींनी भरलेली.

माझं काम असं. रानात कडूकांदा नावाचा एक कंद होतो. वेलीच्या मुळाशी, दगडांच्या खाली. दिसायला सुरणासारखा, पण कच्चा खाल्ला तर जीभ टोचते, घसा सुजतो, माणूस चक्कर येऊन पडतो. पोटात जास्त गेला तर उठतही नाही. तरी या भागातल्या माणसांनी वाईट वर्षांत त्याच्यावरच दिवस काढले. वच्छलाच्या सासूने तिला शिकवलं, सासूला तिच्या सासूने. सोलायचा, पातळ फोडी करायच्या, राख चोळायची आणि टोपलीत भरून नाल्याच्या धावत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचा. पाणी फटींतून आत येतं आणि जाताना कडूपणा घेऊन जातं.

किती दिवस ठेवायचा, याचा हिशोब नसतो. पाण्याचा वेग, कांद्याचं वय, महिना, सगळं बघावं लागतं. शेवटचा निकाल जिभेचा. वच्छला एक फोड काढायची, जिभेच्या शेंड्यावर ठेवायची आणि डोळे मिटून बसायची. टोचलं तर थुंकायची, चूळ भरायची आणि मला पुन्हा पाण्यात ढकलायची. टोचलं नाही तर हसायची. ते हसू आलं की माझं काम झालं.

वच्छलाची एक मैत्रीण आहे, शामकला. नाल्याच्या पलीकडे तिच्या घरच्या धानाच्या बांध्या आहेत. दोघी लहानपणी भोजली झाल्या. श्रावणात परडीत गहू पेरून कोवळे अंकुर काढतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते तळ्यात सोडतात. त्यातले चार अंकुर दोन मुलींनी एकमेकींच्या कानावर खोचले की त्या जन्मभराच्या मैत्रिणी. तिथून पुढे एकीने दुसरीचं नाव घ्यायचं नाही, भोजली म्हणूनच हाक मारायची. वच्छलाचे देव वेगळे, ती दरवर्षी कचारगडच्या जत्रेला जाते. शामकलाच्या घरी गणपती बसतो, पोथी वाचतात. त्यामुळे भोजलीत कधी काही अडलं नाही. एकीच्या दुखण्यात दुसरीने चूल सांभाळली, एकीच्या पोरीच्या लग्नात दुसरीने हळद दळली.

यंदा राखी झाली आणि पावसाने दडी मारली. बांध्यांना भेगा पडू लागल्या. माणसं आभाळाकडे बघून तंबाखू मळायची, बोलायची कमी. त्याच दिवसांत शामकला एका दुपारी आली आणि अंगणात वच्छलाजवळ बसली. मी भिंतीला टांगलेली होते.

"भोजली, ऐक वो," ती म्हणाली. "देवळात महाराजानं कथा सांगतली. मोठा दुकाळ पडला. नद्या आटल्या, मानसं मरून राहिले. ते आपले सात ऋषी, ज्यांची म्या पंचमीले पूजा करतो, ते रानोमाळ फिरून राहिले. राजानं सोनं देऊ केलं त घेतलं नाही."

"काऊन?"

"राजाचं घेतलं की तप जाते."

"अन् पोट जाते त्याचं काही नाही," वच्छला म्हणाली. "मंग खाल्लं काय त्याईनं?"

"रानातले कंदमुळं. एका तळ्यात उतरून कमळाचे देठ खनले, काठावर ढीग घातला अन् आंघोळीले गेले. येऊन पायतात त ढीग गायब. इंद्रानं नेला होता, परीक्षा पाहाले."

"उपाशी मानसाचं खानं उचललं त त्याले आमच्यात चोरी म्हनते."

शामकला हसली. "देवाले असं नाही बोलत वो."

"बरं, नाही बोलत. मले एक सांग, सात बुढे रानात कंद खनून राहिले, त सोलून, धुऊन कोन देत होतं?"

"अरुंधती होती ना संगं. अन् गंडा नावाची एक दासी."

"तेच म्हनलं म्या. कोनी बाई असल्याबिगर हे झालंच नसतं."

मग शामकलाने मुद्द्याचं काढलं. कित्येक वर्षं ती ऋषिपंचमीचा उपास धरत आली होती. त्या दिवशी बैलाच्या मेहनतीचं काही खायचं नसतं; नांगर न लागलेलं, आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. यंदा तिचं उद्यापन होतं, म्हणजे व्रताची सांगता. तिला सातही ऋषींपुढे तेच ठेवायचं होतं जे त्यांनी दुष्काळात खाल्लं असेल. रानातला कंद. ऋषी तृप्त झाले तर पाऊसही येईल, असं तिच्या मनात होतं. तसं ती बोलली नाही, पण बांध्यांकडे बघत राहिली.

वच्छलाने माझ्याकडे पाहिलं. "गोड कांदा डुकरांनी ठेवला नाही कोठी. राहिला कडू. अन् हा त्याचा महिना नोहोय. वेल हिरवी हाये. पान पिवळं पडलं, वेल सुकली की कांदा शांत होते. आता त्याच्या आंगात सारं जहर हाये."

"तू धुशील त निघंल."

"निघंल. पन वेळ खाईल."

"भोजली, माह्यासाठी."

भोजलीने मागितलं की नाही म्हणत नाहीत. वच्छला दुसऱ्याच दिवशी डोंगरावर गेली, दगड उपसून कांदे खणले, सोलले, चिरले. राखेने तिचे हात पांढरे झाले होते. शामकला शेजारी बसून बघत होती. मला नाल्यात ठेवताना ती म्हणाली, "पाण्यातून काढीन मात्र मीच. व्रताचं हाये, माह्या हातानं झालं पाहिजे."

"काढजो. पन काढलं की एक फोड जिभेवर ठेवून पाय."

"भोजली, नैवेद्य हाये तो. चाखला त उष्टा होईल ना."

वच्छलाने माझ्यातल्या फोडी हाताने सारख्या केल्या. "आमच्यातही नवं पीक देवाले देल्ल्याबिगर तोंडात नाही घालत. पन हा कांदा चाखल्याबिगर खानं नोहोय वो. खानंच नाही त उष्टं काहाचं?"

शामकलाने मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती हलवलेली, हे वच्छलाने विचारलं नाही. तिने माझ्यावर दगड ठेवला आणि दोघी निघून गेल्या.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. पाऊस नसल्याने पाणी थोडं होतं, पण धावत होतं. राख निघून गेली, मग कडूपणाचा पहिला पदर सुटायला लागला. माझ्या कामट्यांना तो कळतो. जीभ नाही मला, पण कडूकांद्याच्या बाबतीत माझं अख्खं अंग जीभ आहे. हिरव्या वेलीचा कांदा होता, सोडतच नव्हता. मी म्हटलं, हरकत नाही, पाणी धावतंय तोवर मी आहे.

पंचमीच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, नाल्याच्या वळणाच्या वरच्या बाजूला माणसांचे आवाज आले. एक आवाज शालीकरामचा होता, शामकलाच्या नवऱ्याचा. दुसरा शेजारच्या बांधीवाल्या कैलाशचा.

"बोरी आडवी टाक," शालीकराम म्हणत होता. "धानाचा गाभा सुकून राहिला. आज पानी नाही भेटलं त पेंढा कापावा लागंल."

"खालचं पानी बंद होईल ना गा."

"खाली कोन हाये? मासोळ्या. त्याईले सांगून ये जाय."

दोघं हसले. रेतीच्या बोऱ्या पडल्याचे धपधप आवाज आले. थोड्या वेळाने माझ्या अंगावरून जाणारं पाणी सैल पडलं, मग थांबलं. माझ्याभोवती एक डबकं उरलं. पळसाचं एक पान वरून येऊन माझ्यापाशी अडकलं होतं, ते जागचं हललं नाही. कांद्यातून सुटलेला कडूपणा त्याच डबक्यात राहिला, फिरून फिरून माझ्यात आला, आणि फोडींनी तो पुन्हा पिऊन घेतला.

शालीकरामला दोष द्यावा असंही मला वाटत नाही. त्याला माहीतच नव्हतं की खाली त्याच्याच घरचा नैवेद्य भिजतोय. नैवेद्याला काय करणार हे बायकोने गुपित ठेवलं होतं, त्याने धान वाचवायची धडपड केली. मी मध्ये होते. माझ्यावर दगड होता. दगड नसता तरी मी काय केलं असतं? टोपली फार तर वाहून जाते. तेवढ्यालाही पाणी लागतं.

पंचमीच्या सकाळी शामकला न्हाऊन, ओल्या केसांनी आली. डबकं गढूळ, पांढुरकं झालं होतं. ती क्षणभर वर, वळणाकडे बघत राहिली. फोडी पाण्यात बुडालेल्या होत्या, एवढं तिला दिसलं. तिने दगड बाजूला केला, मला उचललं, पाणी निथळू दिलं. मग एक फोड उचलली.

ती फोड तिने ओठांपर्यंत नेली होती. हे मी सांगतेय, कारण हे पाहायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. तिला भोजलीचं बोलणं आठवलं होतं. मी माझ्या सगळ्या कामट्यांनी म्हटलं, ठेव, जिभेवर ठेव. फोड ओठांजवळ थांबली. तिने तिचा वास घेतला. तिचा उपास होता, नैवेद्य देवाचा होता, आणि एवढ्या वर्षांचं व्रत आज संपायचं होतं. तिने फोड माझ्यात परत ठेवली आणि त्या हाताने मला नमस्कार केला.

आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी नमस्कार केला. असा नको होता.

मला तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. कांदा शिजला. तळ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या देवधानाचा भात शिजला. पाटावर सात सुपाऱ्या मांडल्या, आठवी अरुंधतीची. पूजा झाली, नैवेद्य दाखवला, आणि शेजारच्या बाया, घरची माणसं पंगतीला बसली. शामकलाचा चेहरा असा उजळला होता की कोणाला काही बोलावंसं वाटलं नसतं.

पहिला घास खाल्ल्यावर एकदोघींचे चेहरे बदलले. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पाणी प्यायलं. शालीकराम म्हणाला, "ऋषींचं खानं होय. कडूच राहील थोडं." सगळ्यांना ते पटलं.

शामकलाची नात खुशी, शाळेत नुकतीच जायला लागलेली, ती मोठ्याने म्हणाली, "आजी, कडू आहे. टोचते."

तिच्या आईने, दुर्गेश्वरीने, तिला कोपराने ढोसलं. "प्रसादाले नाव नाही ठेवत. पान्यासंगं गिळ."

पोरीने गिळलं. पंगतीत एवढी माणसं होती आणि खरं बोलणारी तेवढी एक, तिलाच गप्प केलं. मी कोपऱ्यात पडून होते.

वच्छला उशिरा आली. ती निंदणाला गेली होती, पायांना माती तशीच होती. शामकलाने तिला हाताला धरून आत आणलं, आपल्या हाताने वाढलं. "भोजली, तुह्याच पुण्यानं झालं सारं. खाय."

वच्छलाने फोड तोंडात घातली आणि तिचा जबडा थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग शामकलाकडे. एवढ्याशा वेळात तिने सगळं ओळखलं: कांदा निघाला नव्हता, कोणी चाखला नव्हता, आणि आता बोललं तर भोजलीचं उद्यापन भर पंगतीत मोडणार होतं. शामकलाने नजर खाली घातली.

वच्छलाने घास पत्रावळीवर थुंकला. उठली आणि खुशीच्या पुढची पत्रावळ हिसकून अंगणात फेकली.

"थुका. समदे थुका. बोटं घाला घशात."

"वच्छलाबाई, देवाचा प्रसाद हाये तो," शालीकराम उठून म्हणाला.

"देव खाईल मंग त्याचा तो. तू पोरीले उलटी करव पहिले."

नंतरचं मला तुटक आठवतं. मिठाचं पाणी, ओकाऱ्या, खुशीचे सुजलेले ओठ. कोणीतरी पिकअप आणली. सगळ्यांना देवरीला नेलं. पोरगी आईच्या मांडीवर अर्धवट डोळे उघडे ठेवून पडली होती आणि गाडी सुटेपर्यंत वच्छला तिचे तळपाय चोळत होती. मग घर रिकामं झालं. पाटावरच्या सुपाऱ्या आणि कोपऱ्यातली मी, एवढ्याच राहिलो.

सगळे परत आले. खुशी सर्वांच्या शेवटी आली, पण चालत आली. इथवर देवाची कृपाच म्हणायची.

आरोग्य खात्याचा एक माणूस चौकशीला आला. शालीकरामच्या ओसरीवर गाव जमलं आणि मलाही तिथे आणून ठेवलं. त्याने शामकलाला विचारलं, "कंद आणला कोणी?"

शामकला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "वच्छलानं," ती म्हणाली.

तिने नाव घेतलं. ओसरीवर कोणाच्या लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. वच्छलाच्या आलं. ती दाराशी उभी होती.

"तुम्हीच धुतला होता ना?" त्या माणसाने तिला विचारलं.

"हो."

"मग विष राहिलं कसं?"

वच्छलाने शामकलाकडे बघितलं. एकच वाक्य पुरलं असतं. मी चाखाले सांगतलं होतं. ते वाक्य तिच्या गळ्यापर्यंत आलेलं मी पाहिलं. भोजलीला उघडं पाडायचं नसतं, म्हणून असेल, किंवा शामकला स्वतःच बोलेल याची ती वाट बघत असेल. शामकला बोलली नाही. नाल्यावर बोऱ्या टाकल्या होत्या हे शालीकरामला कोणी विचारलं नाही, आणि त्याचा इथे काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"माहं चुकलं असंल," वच्छला म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. कैलाश म्हणाला, ही टोपली जाळून टाका, हिच्यातच जहर हाये. झाडूने त्याच्या हातातून मला ओढून घेतलं. "टोपलीनं काय केलं गा तुहं?" तो म्हणाला आणि मला घेऊन चालायला लागला. वच्छला त्याच्या मागून आली.

तेव्हापासून तिने कांदा खणला नाही. तो सोडला तरी चाललं असतं, पण तिचं पोट रानभाजीवर चालतं. पावसाळ्यात कुड्याची फुलं, तरोटा, बांबूचे कोवळे वासते, असलं काही ना काही घेऊन ती आठवडी बाजारात बसते. आता बाया तिच्यापाशी थांबतात, चेहरा ओळखतात आणि पुढे जातात. जुड्यांवर पाणी मारून मारून पानं काळी पडतात. तिची पोरगी दिव्या म्हणते, "माय, तू चावडीवर जा अन् खरं सांग." ती म्हणते, "खरं माह्या तोंडून खरं नाही वाटत."

परवा बाजाराच्या दिवशी, वच्छला गेल्यावर, शामकला आली. उद्यापनानंतर पहिल्यांदा. झाडू अंगणात पाटी विणत होता. तिने बसायला मागितलं नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. फोड ओठापर्यंत नेली होती, चाखली नाही, भोजलीने बजावून सांगितलं होतं. सांगताना ती रडली.

झाडूने कामटी खाली ठेवली नाही. "शबरीनं चाखून चाखूनच देल्ले होते ना बोरं? त्याईले चाललं. तुह्या ऋषींले काऊन नसतं चाललं?"

 ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही टोपली द्या मले. बाजारात नेतो, समद्याईसमोर ठेवतो अन् सांगतो का माही चूक होती."

"टोपली कायले नेतं?" झाडू म्हणाला. "ते काय बोलते? तुले तोंड हाये, ते घेऊन जाय."

 शामकला डोळे पुसून निघाली. अंगणाबाहेर चिंचेपाशी वाट फुटते. एक बाजाराकडे जाते, एक नाल्यावरून तिच्या घराकडे. चिंचेच्या पलीकडचं मला दिसत नाही.

दिवेलागणीला वच्छला परतली. तिने डोक्यावरचं ओझं उतरवायला झाडूला हात द्यायला लावला. सकाळी नेलं होतं तेवढंच होतं ते. तिने भाजी उलटीपालटी करून बघितली, थोडी चुलीसाठी काढली आणि बाकीची शेळ्यांपुढे टाकली. कोणी आलं होतं का, असं तिने विचारलं नाही. झाडूनेही सांगितलं नाही.

मी आता कोंबडीच्या पिल्लांवर पालथी असते. घारीपासून त्यांना वाचवते, एवढं काम मला जमतं. माझ्या फटींतून ती बाहेर चोची काढतात. बोलायला मात्र कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला बोलता येणार नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्या बाजारात गेलात, आणि टोकाला, सायकलवाल्यांच्या मागे, न विकलेल्या जुड्यांवर पाणी मारत एक बाई बसलेली दिसली, तर हे तुम्हाला माहीत आहे. तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला ते माहीत नाही.